दोन सुयांवरचा बैल

दिवेलागणीची वेळ ही आमच्या घरात गेली चार वर्षे सर्वांत अवघड वेळ आहे. धानाच्या बांध्यांवरून उन्हे कलली, की माझे यजमान खुर्चीतून उठतात, भिंतीला धरून दारापर्यंत जातात आणि कडीशी झटापट सुरू करतात. "बइल बांधले का वो?" हा त्यांचा प्रश्न. आमच्याकडे आता बैल नाहीत. सर्जा आणि मोत्या ही शेवटची जोडी आम्ही २०१४ साली विकली. गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते आणि पावसाळ्यासाठी साठवलेली लाकडे.

सुरुवातीला मी खरे तेच सांगत असे. बैल विकले, ट्रॅक्टरने नांगरणी होते, तुम्हीच तर सौदा केला होता. त्यांच्यासाठी ती बातमी रोज नवी असे आणि दुःखही रोज नवे. पुढे मी "बांधले हो" असे म्हणू लागले. मग ते म्हणत, "पाहून येतो." जन्मभर ज्या माणसाने जनावरांना वैरण-पाणी केल्याशिवाय ताटाला हात लावला नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून बसवणे कठीणच होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केले ते स्मृतिभ्रंशाचे, बहुधा अल्झायमर प्रकारच्या. त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा स्कॅन झाला. थायरॉईडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विसरभोळेपणा वाढू शकतो आणि त्यावर उपचार असतात, म्हणून ती शक्यता आधी तपासायची असते, असे त्यांनी समजावून सांगितले. संध्याकाळी वाढणारी बेचैनी हा या आजाराचा परिचित भाग आहे, हेही तेव्हाच कळले. अंधार पडण्यापूर्वी घरात दिवे लावा, दुपारची झोप लांबू देऊ नका, भूक, तहान, लघवीची घाई किंवा एखादे दुखणे तर नाही ना ते पाहा, अशी सूचनांची यादी मिळाली. शेवटची सूचना होती, "त्यांच्या ओळखीचे काही काम हाताला द्या."

हे शेवटचे वाक्य लिहून घ्यायला सोपे होते. मी छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आहे. वर्गातल्या पंचेचाळीस मुलांना कामाला लावणे मला जमत असे, पण या एका माणसापुढे मी हरले. लाखोळीची डाळ सुपात घालून निवडायला दिली. आठवडाभर त्यांनी निवडली, मग सूप बाजूला सरकवले. जुनी दोरी वळायला दिली. बोटांतली ताकद कमी झाल्याने पीळ बसेना आणि ते चिडले. वर्तमानपत्र उलटेच धरून ते तासभर बसत, पण त्या बसण्यात मन नसे.

मार्ग सापडला तो तान्ह्या पोळ्याला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : आमच्याकडे बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा भरतो. चाकांचे लाकडी नंदीबैल सजवून मुले मिरवतात, घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ ठेवतात. माझा पाच वर्षांचा नातू नागपूरहून आला होता. परतताना त्याचा लाकडी बैल विसरून राहिला आणि रात्री तो यजमानांच्या मांडीवर दिसला. ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. दाराकडे गेले नाहीत, कडी वाजली नाही. मी देवापुढचा दिवा लावून परत आले, तरी ते तसेच बसलेले होते.

तिसऱ्या दिवशी त्या बैलाच्या चाकात त्यांचे बोट चिमटले. म्हातारपणी हातावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. त्यात त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू. लहानशा जखमेतून बराच वेळ रक्त वाहिले आणि मनगटापर्यंत काळेनिळे झाले. बैल कपाटावर ठेवावा लागला. त्या संध्याकाळी कडी पुन्हा वाजू लागली. तेव्हाच मनात आले, की बैल मऊ हवा.

विणकाम मला येत होते. माझ्या पिढीच्या पुष्कळ मुलींना ते येत असे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांमधून ही कला आपल्याकडे आली आणि पुढे शिवणटिपणाबरोबर मुलींच्या शिक्षणात मिसळून गेली. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरातल्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यांत माझी आई होती. मी पहिले टाके घातले ते सायकलच्या दोन तारांवर, कारण खऱ्या सुयांना आईच्या हातून सुट्टी नसे. झाडीपट्टीत थंडी थोडेच दिवस असते, परंतु दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्र-रात्र दंडार आणि नाटके चालतात, आणि उघड्यावर पहाटेपर्यंत बसायचे तर अंगात स्वेटर लागतोच. लग्नानंतर मी यजमानांना पहिला स्वेटर विणला तो अशाच एका नाटकाच्या रात्रीसाठी. शाळेच्या मधल्या सुट्टीतही शिक्षिकांच्या हातांत सुया असत. पुढे तयार स्वेटर स्वस्त झाले, मला मोतीबिंदू झाला आणि सुया ट्रंकेत गेल्या.

त्या ट्रंकेतून मी आठ नंबरच्या सरळ सुयांची जोडी काढली. मागे बोंड असलेल्या, टोकाशी थोड्या घासलेल्या. नव्याने शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक असते. आठ नंबरची सुई साधारण चार मिलिमीटर जाडीची. वृद्ध हातांना फार बारीक सुया त्रासाच्या ठरतात आणि फार जाड सुयांवर वीण विरळ होऊन आतले भरण बाहेर डोकावते. पांढरी फोर-प्लाय लोकर मी दुहेरी घेतली, म्हणजे वीण घट्ट आली.

सरळ सुयांवर गोल वस्तू विणता येत नाही. सपाट तुकडा विणायचा, मग घडी घालून कडा शिवायच्या. बैलाची कातडी जमिनीवर पसरली तर जशी दिसेल, तसा हा तुकडा होतो. मी छप्पन्न टाके घातले आणि वीस सुया सगळ्या सुलट विणल्या. हे मागचे दोन पाय. मग पुढच्या दोन सुयांच्या सुरुवातीला चौदा-चौदा टाके बंद केले. मधले अठ्ठावीस टाके राहिले, त्यांवर चाळीस सुया विणून पाठ केली. पुन्हा दोन्ही बाजूंना चौदा-चौदा टाके वाढवून वीस सुया पुढच्या पायांच्या. ते टाकेही तसेच बंद केले आणि उरलेल्या अठ्ठावीस टाक्यांवर बारा सुया मानेच्या विणल्या. त्यानंतर एक सुई सोडून एकेका सुईला दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत चौदा टाके उरेपर्यंत गेले. त्यांतून दोरा ओवून ओढला, की तोंड तयार. पाय नळीसारखे शिवायचे, मग पोट. भरण भरण्यासाठी पोटाशी चार बोटे जागा सोडायची. शिंगांसाठी आठ-आठ टाक्यांच्या दोन पट्ट्या, एक सुई सुलट, एक उलट. अशी पट्टी कडेने आपोआप वळते आणि शिंगाचा आकार अर्धा तीच देते.

वशिंडासाठी सोळा टाके घालून आठ सुया विणल्या, मग प्रत्येक सुईला दोन्ही टोके कमी करत चार टाक्यांवर आणून दोरा ओढला. कडा जोडल्यावर छान शंकू झाला. तो मी पाठीच्या बरोबर मध्यभागी शिवला आणि तीन आठवड्यांच्या मेहनतीनंतर बैल यजमानांच्या हाती दिला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. पोटाखालून पाहिला, दात पाहावेत तसे तोंड दाबून पाहिले. मग माझ्याकडे असे पाहिले, की कितीतरी महिन्यांत तसे पाहिले नव्हते. म्हणाले, "हा उंट व्हय का वो?"

मला आधी रडू आले आणि मग हसू. ते मात्र हसत नव्हते. त्यांनी अंगठा बैलाच्या मानेच्या मुळाशी, पुढच्या पायांच्या बरोबर वर ठेवला आणि म्हणाले, "वशिंड खांद्यावर राह्यते. पाठीवर नाई." चार वर्षे ज्या माणसाला सकाळी काय खाल्ले ते आठवत नव्हते, त्याने मला एका वाक्यात बैलाची शरीररचना शिकवली. मी त्यांच्यासमोरच वशिंड उसवले आणि अंगठा होता तिथे लावले. दुसऱ्या दिवशी शिंगे फार पसरट असल्याचे त्यांनी दाखवले. तिसऱ्या दिवशी गळ्याखाली लोंबणारी पोळी नाही, हे त्यांच्या लक्षात आले; ती मी वेगळी विणून लावली. तो पंधरवडा आमच्या घरात दिवेलागणीला बैलाची तपासणी होत होती. कडी वाजली ती दोनच संध्याकाळी.

असे का व्हावे, हे मी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले, की स्मरणशक्ती एकाच प्रकारची नसते. काल काय घडले, कोण आले, हे लक्षात ठेवणारी स्मृती या आजारात लवकर ढासळते. हातांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामांची, सवयींची स्मृती मेंदूत वेगळ्या वाटांनी जपलेली असते आणि ती पुष्कळदा अधिक काळ टिकते. म्हणून एखाद्या वृद्धेला नातवंडांची नावे आठवत नाहीत, पण पोळपाटापुढे बसवले तर पोळी गोल लाटली जाते. मला ते लगेच पटले, कारण यजमानांचा अंगठा बैलाच्या खांद्यावर सारखा गोल फिरत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात; वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची ती सेवा. तीच फिरवण त्यांच्या अंगठ्यात उरली होती. एकदा मी वाटीत थोडी हळद कालवून पुढे ठेवली. पांढऱ्या लोकरीवरचा तो पिवळा डाग अजून निघालेला नाही आणि मीही तो काढण्याचा फारसा प्रयत्न केलेला नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना मऊ प्राणी देण्याची पद्धत जगात इतरत्रही आहे. काही देशांतल्या वृद्धाश्रमांत बाहुल्या आणि कापडी प्राणी देतात. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचा यांत्रिक प्राणी तयार केला. तो सीलच्या पिलासारखा दिसतो, हात लावला की हलतो, आवाज काढतो. सीलच का, तर कुत्रा किंवा मांजर सर्वांच्या परिचयाचे असल्याने लोक खऱ्या प्राण्याशी तुलना करून उणिवा काढतात. सील कोणी पाळलेला नसतो, म्हणून तो सहज स्वीकारला जातो, असा त्यामागचा विचार. तो विचार चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या घरात मात्र नेमके उलट घडले. यजमानांना उणिवा काढता आल्या, म्हणून तर ते तासभर खुर्चीत बसले. ज्याला घरात दिवसभर सगळे जण सांगत असतात, की हे असे नाही, तसे करा, इकडे बसा, त्याला दुसऱ्याची चूक दाखवण्याची एक संधी मिळाली. त्या घटकेपुरते ते जाणकार होते आणि मी शिकाऊ होते.

या बैलावरून घरात वादही झाला. माझ्या मुलाने फोनवर हे ऐकले आणि तो दुखावला. "आई, बाबांच्या हातात तू खेळणे देतेस? गावातले लोक काय म्हणतील? पंचायतीत त्यांचा शब्द चालत होता." त्याचे म्हणणे वावगे नव्हते. वृद्धांना बाळ समजून वागवणे, त्यांच्याशी बोबडे बोलणे, चारचौघांत त्यांचे हसू करणे, हे सगळे अपमानाचेच आहे, आणि मऊ प्राणी हातात देण्याविरुद्ध हाच आक्षेप जाणकारही घेतात. त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. मग काही पथ्ये ठरवली. बैल मी त्यांच्या हातात कधी कोंबायचा नाही. समोरच्या स्टुलावर ठेवायचा, घ्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचे. त्याला खेळणे म्हणायचे नाही आणि खराखुरा बैल आहे असे सोंगही करायचे नाही. "बैल" एवढेच म्हणायचे. पाहुणे आले आणि ते अवघडले असे वाटले, तर गुपचूप आत न्यायचा. आणि ज्या दिवशी त्यांनी तो भिरकावला, त्या दिवशी परत द्यायचा नाही. असे दिवस आले. एकदा तर सलग आठ दिवस त्यांनी त्याकडे ढुंकून पाहिले नाही. उपाय म्हणून ज्या घरी कोणी असा बैल, गाय किंवा मांजर विणील, त्यांनी ही तयारी ठेवावी.

माझ्या चुकाही सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या होणार नाहीत. बैल हलका वाटतो, अशी त्यांची तक्रार होती. मांडीवर थोडे वजन असले की त्यांना स्वस्थ वाटते, हेही मी पाहिले होते. म्हणून पोटात धानाची पुरचुंडी घातली. नव्या धानाच्या वासाने ते इतके खूश झाले, की बैल नाकाशी धरून बसले. पावसाळा आला आणि त्या धानात सोंडे झाले. सगळे भरण फेकावे लागले. आता पुरचुंडी वेगळ्या जाड कापडाची, दुहेरी शिवणीची असते. बैलाच्या पोटाची शिवण मी कच्चीच ठेवते. धुण्याआधी पुरचुंडी काढायची आणि धान बदलायचे. पहिले भरण जुन्या उशीच्या कापसाचे होते. धुतल्यावर त्याचे गोळे झाले आणि दोन दिवस ओल राहिली. कृत्रिम तंतूचे भरण लवकर वाळते. डोळ्यांना बटणे किंवा मणी लावू नयेत. स्मृतिभ्रंशात वस्तू तोंडात घालण्याची शक्यता असते आणि घरात लहान मूल असेल तर तोच धोका दुहेरी. डोळे काळ्या दोऱ्याने भरावेत. गळ्यात घुंगरू बांधण्याचा मोह मलाही झाला होता. मी बांधले नाही.

आता थोडे शुश्रूषा करणाऱ्यांविषयी, म्हणजे माझ्यासारख्यांविषयी. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याचा वेळ सलग नसतो, त्याचे तुकडे असतात. दहा मिनिटे मिळतात तोवर हाक येते. पुस्तक उघडले तर आधीचे पान विसरलेले असते. विणकामाचे तसे नाही. सुई अर्ध्यावर सोडून उठले, तरी टाके तिथेच वाट पाहत असतात. तासाभराने परत यावे तर पंधरावा टाका पंधरावाच असतो. माझ्या घरात रोज काहीतरी निसटत होते : आज एक नाव, उद्या एक वाट, परवा शर्टाचे बटण लावण्याची कृती. त्यात जिथे ठेवले तिथेच राहणारी ही एक वस्तू मला मिळाली होती. चुकले तर उसवता येत होते. हे मी यजमानांसाठी करते आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. पहिला बैल पूर्ण झाल्यावर हात रिकामे झाले, तेव्हा कळले, की ते माझ्यासाठीही होते.

विणकाम हे औषध नाही आणि ते प्रत्येकाच्या हाताला मानवेलच असेही नाही. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. मी वीस मिनिटांपेक्षा अधिक सलग विणत नाही, मध्ये बोटे उघडून-मिटून सैल करते, थंडीत कोमट पाण्यात हात बुडवते. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर सुया ठेवाव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे. उजेड डाव्या-उजव्या खांद्यावरून भरपूर हवा. गडद लोकरीपेक्षा फिकट लोकरीवरचे टाके म्हाताऱ्या डोळ्यांना नीट दिसतात. पक्षाघातानंतर हात अशक्त झालेल्यांनी व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी.

अशक्त हातांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जर्मनीतल्या गींगेन गावात १८४७ साली जन्मलेल्या मार्गारेटे श्टाइफ यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाय लुळे पडले, उजव्या हातातही बळ राहिले नाही. चाकाच्या खुर्चीत बसून त्या शिवणकाम शिकल्या. १८८० मध्ये त्यांनी टाचण्या टोचून ठेवण्यासाठी नमद्याचा छोटा हत्ती शिवला. मुलांनी तो टाचण्यांसाठी राहू दिला नाही. त्यांनी तो खेळायला पळवला. त्यातूनच मऊ प्राण्यांचा तो जगप्रसिद्ध कारखाना उभा राहिला. हात धड नसलेल्या बाईच्या हातून ही परंपरा सुरू झाली, हे आठवले की माझ्या वाकड्या शिवणींची मला लाज वाटत नाही.

आणखी एक सावधगिरी. बेचैनी नेहमीचीच आहे, असे समजून गाफील राहू नये. गेल्या भाद्रपदात यजमान दोन दिवसांत एकाएकी फार गोंधळले, रात्रभर बडबडत राहिले. बैल, दिवे, गप्पा, कशाचाच उपयोग होईना. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. उपचारांनी ते पूर्वपदावर आले. असा अचानक बदल दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आणि काळजी घेणाऱ्याचाच जीव मेटाकुटीला आला असेल, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवर किंवा मानसिक आधारासाठी १४४१६ वर बोलावे. मी एकदा बोलले आहे. त्यात कमीपणा नाही.

गेल्या मंडईला मुलगा सहकुटुंब आला. संध्याकाळी अंगणात तो वडिलांसमोर बसला. त्यांनी त्याला ओळखले नाही, "कोन गावचे तुमी?" असे आदराने विचारले. मुलाचा चेहरा पडला. बोलायला काही तरी हवे म्हणून त्याने बैलाकडे बोट दाखवून विचारले, "हा कोणाचा?" यजमानांनी बैल जवळ ओढला आणि सांगितले, "माह्या पोराचा हाय. तो नागपूरले राह्यते. येईन तवा देतो."

मुलगा उठून गोठ्याकडे गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि मला एवढेच म्हणाला, "आई, लोकर संपली असेल तर सांग. नागपूरहून पाठवतो."

लोकर लागणारच होती. कारण एका संध्याकाळी यजमानांनी शेवटची उणीव काढली होती, आणि ती वशिंडाहून मोठी होती. "एकटा बइल कसा? जोडी पायजे." कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागू नये, मला सांगावे लागले. व्यवहारानेही ते बरोबरच होते. एक बैल धुतल्यावर वाळेपर्यंत दुसरा मांडीवर हवाच.

आता ते पूर्वीइतके बोलत नाहीत. उणिवा काढणेही थांबले आहे. फक्त बैलाचा एक कान दोन बोटांत धरून ठेवतात. दुसऱ्या बैलाचे चारही पाय आणि पाठ झाली आहे, मान सुईवर आहे. वशिंड विणून तयार आहे. ते कुठे लावायचे, हे मला आता माहीत आहे. तरीही लावण्याआधी एकदा त्यांचा अंगठा धरून तिथे ठेवणार आहे.